१९ वर्षांच्या पोराला चुलत्याने घराबाहेर काढलंय, आई आणि बहीणही त्याच वाटेवर. नाशिकमध्ये मदत कुठे मिळेल?

मेसवाली ताई, सातपूर

नमस्कार. मी सातपूरला मेस चालवते. कंपनीतले कामगार आणि आयटीआयची पोरं जेवायला असतात. प्रश्न माझ्या घरातला नाही, पण आता घरातल्यासारखाच झालाय.

माझ्याकडे एक पोरगा जेवतो. १९ वर्षांचा, फिटरच्या दुसऱ्या वर्षाला. मूळचे पेठ तालुक्यातले, कोकणा आदिवासी समाज. वडील सेंट्रिंगचं काम करायचे, ते वारले. तेव्हापासून आई, हा आणि दहावीतली बहीण चुलत्याच्या खोलीत राहतात. खोली भाड्याची, करार चुलत्याच्या नावावर, पण अर्धं भाडं आई भरते, धुणीभांडी करून. पोरगा संध्याकाळी अंबडला एका ठेकेदाराकडे गाड्या भरायला जायचा, तेही पैसे घरातच. मध्यंतरी ठेकेदाराने पैसे थकवले. चुलत्याला वाटलं पोरगा लपवतोय. वाद झाला, चुलत्याने हात उचलला, आणि त्याच रात्री कपड्यांची पिशवी जिन्यात फेकून दार लावून घेतलं.

मला हे कुणी सांगितलं नाही. पोरगा रविवारीही आयटीआयच्या खाकी कपड्यांत जेवायला यायला लागला. जेवण झालं की मोबाईल चार्जिंगला लावून बसून राहायचा, न सांगता पातेली घासायला घ्यायचा. शेवटी विचारलं, "घरी नाही का जायचं रे?" तर खाली बघून म्हणाला, "मावशी, मेळा स्टँडवर असतो मी." कधी मेळा स्टँड, कधी प्लॅटफॉर्म तिकीट काढून नाशिकरोड स्टेशन. तिथे रात्री दोनदा-तीनदा उठवतात म्हणे. आता थंडी सुरू झालीये आणि नाशिकची थंडी काय असते ते तुम्हाला माहीत आहे.

सध्या तो मेसच्या बाकावर झोपतो, पण गाळ्याच्या मालकाने रात्री कुणी थांबायचं नाही असं स्पष्ट सांगितलंय. माझं घर दोन खोल्यांचं, दोन मुली मोठ्या. मनात असून ठेवता येत नाही.

आता चुलता आईलाही म्हणतोय, महिनाअखेर तुम्ही दोघी पण बघा काय ते. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोराला झोपायला सुरक्षित जागा कुठे मिळेल? अशा मुलांसाठी सरकारचं काही आहे का, कारण आश्रमवाले १८ च्या पुढे घेत नाहीत असं ऐकलंय. आणि आई-मुलीचं काय करायचं? १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाईनला, फोन करायचा विचार आला होता, पण आई माझे हात धरून म्हणाली, "ताई, फोन करू नका, माझ्या पोरीला रिमांड होमला नेतील." खरंच नेतात का?

पोरगा गुणी आहे. एका दाराच्या कडीपायी त्याचं फिटरचं वर्ष जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.


सिडकोकर

ताई, तुम्ही चांगलं काम करताय. माझं मत, त्याला थोडे दिवस गावी पाठवा. पेठला आजोळ, भावकी असेलच. चुलत्याचा राग शांत झाला की परत आणा. घरातली भांडणं घरातच मिटलेली बरी. सरकारी कचेऱ्यांत चपला झिजतात.


निवृत्त अधीक्षक, नाशिकरोड

सिडकोकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण गावी पाठवण्याआधी एक गोष्ट बघा. आयटीआयला परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. थोडे दिवस म्हणून गेलेली पोरं परत येतात तेव्हा हजेरी गेलेली असते, आणि मग ती परत येतच नाहीत. द्राक्षाच्या छाटणीला, नाहीतर वीटभट्टीला लागतात. त्याची आयटीआय चालू राहील असंच काहीतरी करायला हवं.

ताई, माझी नोकरी बालगृहात आणि महिला व बालविकास खात्यात गेली. घर सुटलेली मुलं आणि त्यांच्या आया, दोन्ही बाजूंनी पाहिल्यात. त्यावरून सांगतो, पोराचं प्रकरण वेगळं आणि आई-बहिणीचं वेगळं असं धरू नका. आईच्या डोक्यावर छप्पर राहिलं तर हा पोरगा सावरेल. आई रस्त्यावर आली तर तो आयटीआय सोडून मिळेल ते काम धरेल आणि मुलगी शाळा सोडेल. म्हणून धावपळ एकाच वेळी दोन्हीकडे करायची.

आधी त्या आईची भीती. १०९८ ला फोन केला म्हणून मुलगी उचलून नेत नाहीत. आपल्याकडे लोक सगळ्यालाच रिमांड होम म्हणतात आणि उंटवाडीच्या निरीक्षणगृहाचं नाव काढलं की घाबरतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोन प्रकारची मुलं धरली आहेत. ज्यांच्या हातून गुन्हा घडला असं पोलिसांचं म्हणणं आहे, ती बाल न्याय मंडळापुढे जातात. ज्यांना काळजीची आणि संरक्षणाची गरज आहे, ती बाल कल्याण समितीपुढे. ही मुलगी दुसऱ्या प्रकारात येते. तिला आई आहे, आई कष्ट करते, मुलगी शाळेत जाते. गरिबी आहे म्हणून मुलगी आईपासून तोडायची नसते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. समितीपुढे जाऊन आईने सांगायचं, "मला मुलगी माझ्याजवळच ठेवायची आहे, त्यासाठी मदत हवी."

ती मदत म्हणजे बालसंगोपन योजना. आता तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलंय. एक पालक गेलेल्या मुलाला, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत, घरीच राहून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, नासर्डी पुलाजवळ समाजकल्याणच्या आवारात. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईचं आणि मुलीचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक एवढं गोळा करा. गृहचौकशी होते, म्हणजे माणूस घरी येऊन बघून जातो, मग समिती आदेश देते. एक मात्र लक्षात ठेवा, या पैशांच्या भरवशावर घरभाडं ठरवू नका. महिनोन् महिने येत नाहीत आणि मग एकदम येतात. मुलीच्या शाळेसाठी, क्लाससाठी धरून चाला.

आईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, विधवेला महिन्याला १,५०० रुपये, तहसील कार्यालयात. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची आहे, ती फार कडक आहे. लाडकी बहीणचे पैसे तिला चालू असतील तर दोन्ही एकदम मिळत नाहीत, तेही आधीच बघून घ्या. वडील सेंट्रिंगचं काम करायचे असं तुम्ही लिहिलंय. बांधकाम कामगार मंडळाचं त्यांचं कार्ड होतं का, ते आईला नक्की विचारा. ते गेले तेव्हा नोंदणी चालू असेल तर विधवेला वर्षाला २४,००० रुपये, पाच वर्षं मिळतात. अनेक बायकांनी हे कार्ड नवऱ्याच्या कपड्यांबरोबर देऊन टाकलेलं असतं, म्हणून आजच विचारा.

आता पोरगा. इथे मला वाईट वाटतं ते सांगतो. १८ पूर्ण झालं की कागदावर तो मोठा माणूस. १०९८ त्याच्यासाठी नाही, समिती त्याच्यासाठी नाही. अनुरक्षण म्हणून एक सोय आहे, १८ ते २१ वर्षांच्या मुलांना राहायला जागा किंवा मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिन्याला ४,००० रुपये. पण ती बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी. हा आईजवळ वाढला, म्हणून त्यात बसत नाही. म्हणजे आईने संस्थेत टाकलं असतं तर त्याला आज आधार मिळाला असता, तिने कष्ट करून घरी ठेवलं म्हणून मिळत नाही. हा अन्याय आहे असं मी नोकरीत असतानाही वरिष्ठांना लिहून दिलं होतं, आजही म्हणतो.

पण त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत: तो विद्यार्थी आहे आणि आदिवासी आहे. त्यामुळे बेघर निवाऱ्याच्या आधी वसतिगृहाचा विचार करा. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं नाशिकमध्ये आहेत, पेठ तालुका त्याच विभागाच्या नाशिक प्रकल्प कार्यालयाखाली येतो. प्रवेशाची वेळ टळून गेली असेल, पण गळती झाली की मधल्या महिन्यांत जागा रिकाम्या होतात. ऑनलाइन अर्ज करून गप्प बसू नका. प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: वडील नाहीत, राहायला जागा नाही, आयटीआय चालू आहे, खास बाब म्हणून विचार व्हावा. सोबत आयटीआयच्या प्राचार्यांचं पत्र जोडा. आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात, म्हणून खात्याला आधार जोडलेलं आहे ना ते आधी पाहा. आयटीआयलाही विचारा, त्यांच्या वसतिगृहात कॉट मोकळी असते कधीकधी.

आणि एक प्रश्न तुम्ही आईला एकटीला गाठून विचारा. चुलता मुलीच्या लग्नाचं काही बोलतोय का? घरातलं माणूस कमी करायचं असलं की आपल्या समाजात पहिली नजर मुलीवर जाते. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे, म्हणून विचारतो.


सीएनसीवाला, अंबड

मी वसतिगृहात नव्हतो, निवाऱ्यात होतो. त्यामुळे ते सांगतो.

माझी गोष्ट लांब आहे, ती नको. बापाशी पटलं नाही, बारावीनंतर बाहेर पडलो. गोदाघाटावर झोपायचो. रामकुंडावर कुणी ना कुणी अन्नदान करतं, शिंगाडा तलावाच्या गुरुद्वारात लंगर मिळतो, त्यामुळे जेवणाचे हाल झाले नाहीत. झोपेचे झाले. उघड्यावर माणूस झोपत नाही, नुसता पडून असतो. एक हात बॅगेवर, एक मोबाईलवर. सकाळी कामाला गेलं की डोळे मिटायचे, मशीनवर असतो तर बोटं गेली असती.

महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत, फुकट असतात. नियमाने ती चोवीस तास, बारा महिने उघडी ठेवायची असतात, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून. लाखभर वस्तीमागे एक असा हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४.८६ लाखांचं होतं, म्हणजे निदान चौदा हवेत. किती आहेत ते आपण सगळे शहरात फिरताना बघतोच.

मी पहिल्यांदा गेलो तिथे आधार नाही म्हणून दारातून परत पाठवलं. आधार नव्हतं कारण ते घरात, आणि घर बंद. पुढे एका संस्थेतल्या बाई सोबत आल्या, त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं आणि रात्री घेतलं. तेव्हा ताई, पोराला एकटं पाठवू नका, तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी पहिल्या रात्री सोबत जा. मोठं माणूस बरोबर असलं की बोलण्याची भाषा बदलते. शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात महापालिकेचं कार्यालय आहे, दिवसा तिथून कोणत्या केंद्रात जागा आहे ते विचारून घ्या, म्हणजे रात्री फिरावं लागणार नाही.

आत कसं असतं ते खरं सांगतो. गादी, ब्लँकेट, पंखा, नळाला पाणी. म्हातारी माणसं जास्त, काही आजारी, काही दारूवाले. मला कुणी त्रास दिला नाही, पण रात्रभर खोकण्याचा आवाज असायचा आणि मला सारखं वाटायचं की मी पण असाच म्हातारा होणार इथे. १९ वर्षांच्या पोराला तिथे महिनोन् महिने ठेवू नका. चार रात्री काढायला ठीक आहे. चप्पल उशाखाली घ्यायला सांगा, कागद आत नेऊ नका, तुमच्या मेसमध्ये ठेवा.

कागदांचं पण सांगतो. दहावीचं मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतं. जातीच्या दाखल्याची, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स आयटीआयच्या प्रवेशाच्या फाईलमध्ये असणारच, तिथून मागून घ्या. आधार मोबाईलवर डाउनलोड होतं, पण आधारला जोडलेला नंबर चालू पाहिजे. तो नंबर चुलत्याचा असला तर आधी केंद्रावर जाऊन बोटं देऊन स्वतःचा नंबर जोडायला सांगा. हे काम सगळ्यात आधी. बँक, वसतिगृह, सिमकार्ड सगळं त्या ओटीपीवर अडतं.

मला बाहेर काढलं ते कॉट बेसिसने. सातपूर, कामगारनगर, अंबड, चुंचाळे, सगळीकडे कामगारांच्या खोल्या असतात, एका खोलीत चार-पाच जण, प्रत्येकाची कॉट. भाडं परवडतं, अडतं ते डिपॉझिटवर आणि "ओळखीचं कोण आहे?" या प्रश्नावर. माझ्यासाठी माझा सुपरवायझर उभा राहिला, "हा गेला तर मी भरीन" म्हणाला. तुमच्या मेसला जेवणाऱ्या कामगारांत कुणाच्या खोलीत कॉट रिकामी आहे का ते आजच विचारा. तुमच्या शब्दावर देतील. माझ्या मते तुमच्या मेसमध्येच याचं उत्तर बसलेलं आहे.

पोराला एक निरोप द्या, स्टेशनवर "हॉटेलात काम देतो, चल मुंबईला" म्हणणारे भेटतात. जाऊ नको म्हणावं. आणि रात्री फार जड झालं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणजे मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी केलेला आहे.


वकीलबाई, सीबीएस

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहिते.

करार दिराच्या नावावर असला तरी आई त्या घरात कुटुंब म्हणून राहते आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हे सामाईक घर ठरतं. मालकी किंवा करार तिच्या नावावर असायची गरज नाही. कायदेशीर मार्गाशिवाय दीर तिला बाहेर काढू शकत नाही. कोर्ट निवासाचा आदेश देऊ शकतं, म्हणजे काढू नका असं बजावू शकतं किंवा दुसरी जागा, तिचं भाडं द्यायला लावू शकतं. यासाठी संरक्षण अधिकारी असतात, तेही महिला व बालविकास कार्यालयाकडेच. बालसंगोपनचा अर्ज द्यायला जाल तेव्हा त्यांनाही भेटून घ्या, एकाच हेलपाट्यात दोन कामं होतील. कायद्यात पहिली तारीख ३ दिवसांत असं लिहिलेलं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून महिनाअखेरची वाट बघू नका.

पुरावा जमवा. अर्धं भाडं तिने फोनवरून पाठवलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट, रोख दिलं असेल तर शेजारणीचं नाव. पिशवी जिन्यात टाकली तेव्हा कुणी पाहिलं असेलच. पोराला मारलं त्याची पोलीस ठाण्यात निदान अदखलपात्र नोंद करून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

हे सगळं फुकट होतं. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे आईलाही आणि पोरालाही. फोन १५१००. रात्री-अपरात्री मारहाणीची वेळ आली तर ११२, बाईसाठी १८१. सखी केंद्रात, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, आई-मुलीला चार-पाच दिवस राहताही येतं.

मात्र माझं अनुभवाचं मत वेगळं आहे. आदेश मिळवून त्याच खोलीत, त्याच माणसासमोर मुलीने दहावीचा अभ्यास करायचा, हे अवघड आहे. आदेशाचा उपयोग वेळ मिळवायला करा, आणि त्या वेळात वेगळी खोली बघा. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे घरगुती तक्रारी ऐकणाऱ्या विभागात, दिराला बोलावून समजावता येतं, बरेच जण तिथे नरम येतात. वेगळी खोली घ्याल तेव्हा ११ महिन्यांचा करार आईच्या नावाने करा आणि नोंदवून घ्या. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, ते सांगायला लाजू नका.

ठेकेदाराने थकवलेल्या मजुरीचं सोडून देऊ नका. ठेकेदार देत नसेल तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. कामगार आयुक्तालयात साधा अर्ज चालतो. कोणत्या कंपनीच्या गेटमध्ये गाड्या भरल्या, कोणत्या तारखांना, हे पोराने वहीत लिहून काढावं. अशा वेळी बऱ्याचदा कंपनीचा एक फोन गेला की ठेकेदार पैसे घेऊन येतो. आणि चुलत्याला ते पैसे खरंच थकले होते हे कळेल, तो भाग वेगळाच.


मेसवाली ताई, सातपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

सीएनसीवाल्या भाऊ, तुमचं वाचलं आणि रात्रीच्या पंगतीला मोठ्याने विचारलं, कुणाकडे कॉट आहे का म्हणून. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक वयस्कर कामगार आहेत, कधी फार बोलत नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "माझ्या खोलीतला एक जण गावाला गेलाय, दिवाळीनंतर आलाच नाही. पोराला पाठवा. डिपॉझिटचं मी मालकाशी बोलतो." त्याच रात्री गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला होता असं सांगत होते. आयटीआय बुडाली त्या दिवशी, पण बुडू दे. भाडं सध्या मी देते आणि तो सकाळी कणीक मळायला, भाजी चिरायला येतो. हाताला फिटरचं वळण आहे, माझ्या गॅसच्या शेगडीचा कॉक सुद्धा दुरुस्त करून दिला.

वसतिगृहाचा अर्ज दिला. प्राचार्यांनी पत्र लगेच दिलं, वर वर्गशिक्षक म्हणाले, आम्हाला का नाही सांगितलंस? पोरांना सांगायची लाज वाटते हो. पोच घेतली आहे. पोराने ठेकेदाराकडच्या तारखा वहीत लिहून काढल्या आहेत, त्या घेऊन अर्ज करणार आहोत.

बांधकाम कामगाराचं कार्ड सापडलं! ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकेत ठेवलेलं. नूतनीकरणाची तारीख पुसट झाली आहे, पण मंडळाकडे नंबरवरून कळतं म्हणाले.

आणि अधीक्षक काका, तुमचा शेवटचा प्रश्न. मी आईला मेसवर बोलावून, चहा देऊन विचारलं. ती बराच वेळ पदराच्या टोकाची गाठ घालत आणि सोडत बसली. मग म्हणाली, दिंडोरीकडचं स्थळ आहे, मुलगा बागेत कामाला आहे, दीर म्हणतो परीक्षेपर्यंत थांबायची गरज नाही, पोरीला द्या आणि तू माझ्याकडे राहा. म्हणजे राहायची जागा पोरीच्या बदल्यात. आईला नको आहे, पण तिला वाटतं की नाही म्हटलं तर दोघी रस्त्यावर. मुलीला माहीत आहे. ती माझ्याशी एकच बोलली, "मावशी, माझं विज्ञानाचं प्रॅक्टिकल आहे."

आता १०९८ ला फोन करू का? केला तर दीर त्याच रात्री दोघींना काढेल ही भीती आहे.


निवृत्त अधीक्षक, नाशिकरोड

करा. आणि उशीर करू नका, साखरपुडा होईपर्यंत तर मुळीच थांबू नका.

फोन करणाऱ्याचं नाव बाहेर सांगत नाहीत. पण क्रम असा ठेवा. सकाळी आईला आणि मुलीला घेऊन तुम्ही स्वतः बाल कल्याण समितीपुढे जा, वकीलबाईंना विचारून संरक्षण अधिकाऱ्यांकडचा अर्ज त्याच दिवशी द्या. लग्नाचा धोका असलेली मुलगी ही काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलगी, हे कायद्यातच स्पष्ट आहे. समिती चुलत्याला बोलावून लेखी घेते. त्याने ऐकलं नाही तर न्यायदंडाधिकारी मनाईचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या कायद्याने लग्न ठरवणारा, लावणारा, दोन्हीकडचे मोठे पुरुष, सगळ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. त्या बागेतल्या मुलाच्या घरी हे एकदा कळलं की बहुतेक वेळा स्थळ आपणहून मागे जातं, हे मी पाहिलेलं आहे.

त्याच रात्री दोघींना कुठे ठेवायचं हे जाण्याआधी ठरवून ठेवा. सखी केंद्र आहेच. त्याहून बरं म्हणजे आई ज्यांच्याकडे कामाला जाते त्यातल्या एखाद्या घरी चार-सहा दिवस. शाळेच्या मुख्याध्यापिकेलाही सांगून ठेवा, मुलगी दोन दिवस आली नाही तर त्यांनी तुम्हाला फोन करायचा. आणि दहावी संपेपर्यंत शाळा बदलायची नाही, काहीही झालं तरी. वसतिगृहाचं अकरावीला बघू.

मी समितीच्या बैठकीच्या दिवशी येतो तुमच्याबरोबर. निरोप इथल्या खाजगी संदेशात ठेवा.


मेसवाली ताई, सातपूर

जाऊन आलो. काका आले होते, त्यांच्यामुळे आईला बोलता आलं. समितीच्या मॅडमनी मुलीला एकटीला आत घेऊन विचारलं आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, मुलगी तुमच्याकडेच राहील. आई तिथेच रडली. चुलत्याने लिहून दिलंय, लग्न लावणार नाही म्हणून, पण खोलीत ठेवायला तयार नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडचा अर्ज चालू आहे, बालसंगोपनचे कागद दिले, उत्पन्नाचा दाखला तेवढा यायचा आहे. सध्या दोघी एका बाईंच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत आहेत, पण ती त्यांना मुलगा परत आल्यावर लागणार आहे.

तेव्हा आता एकच विनंती. सातपूर, अशोकनगर किंवा शिवाजीनगर भागात, मुलीच्या शाळेपासून चालत जाता येईल अशी एक खोली हवी आहे. संडास सामाईक असला तरी चालेल, दाराला आतून चांगली कडी हवी. डिपॉझिट हप्त्याने देऊ. करार आईच्या नावाने, नोंदवून. भाडं दर महिन्याला पाच तारखेच्या आत मिळेल, त्याची जबाबदारी माझी, मेस सोळा वर्षं एकाच गाळ्यात आहे, कुणालाही विचारा. कुणाच्या ओळखीत असेल तर आज-उद्याच कळवा.